जेठापुढचा पदर

निराधारांच्या अनुदानाला आमच्याकडे सगळे पगारच म्हणतात. त्या पगारात सुधारणा आली तेव्हा मी दारव्ह्याला सेवा केंद्र चालवत होतो. आता दरवर्षी माणसानं फोनसमोर तोंड दाखवायचं, डोळे मिचकावायचे. फोनला पटलं की माणूस जिवंत, नाही पटलं की पगार बंद. यवतमाळच्या प्रशिक्षणात साहेब म्हणाले, शेवटच्या माणसापर्यंत पोचायचंय. मी मान डोलावली. मान डोलवायला माझं काय जात होतं?

एका बंजारा तांड्यावर रेंज फक्त नायकाच्या ओसरीत यायची, म्हणून शिबिर तिथंच मांडलं. नायक ऐंशीच्या पुढचा, तांड्याचा प्रमुख, खुर्चीत ताठ बसलेला. रांगेत त्याची धाकटी भावजय आली; तो तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर. विधवा, पोटी लेकरू नाही. पगाराच्या जोरावर तिनं आपली वेगळी चूल मांडली होती. केंद्रात पैसे काढायला यायची तेव्हा उघड्या तोंडानं गप्पा मारायची, मला लेकरा म्हणायची. इथं मात्र पदर पार हनुवटीखाली.

"याडी, तोंड उघड, डोळे मिचकाव," मी म्हणालो. तांड्यावर आईला याडी म्हणतात, म्हणून मीही म्हणायचो.

ती हलली नाही. मागची बाई म्हणाली, "भाऊ, जेठ बसला हाय ना समोर. थे त्याच्यासमोर पदर काढत नाही, बोलत बी नाही."

मला कळलं नाही असं नाही. कळलं, आणि तरी राग चढला. मागे रांग खोळंबली होती. "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही," मी मोठ्यानं म्हणालो. दोघं-चौघं हसले.

म्हाताऱ्याला पाच मिनिटं आत जा म्हटलं असतं तर भागलं असतं. पण त्याच्याच घरचा चहा पिऊन त्यालाच ऊठ म्हणायला माझी जीभ रेटेना. त्यालाही ते सुचलं नाही. की सुचलं आणि बसून राहिला? भावजयीची वेगळी चूल त्याला कधीच रुचली नव्हती, हे मला नंतर समजलं.

फोनवर तीन पर्याय होते: मयत, स्थलांतरित, गैरहजर. त्यातल्या त्यात सभ्य म्हणून मी 'गैरहजर' दाबलं. ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

पगार थांबला. दोन महिन्यांनी ती काळीपिवळी जीपमध्ये स्वतःला कोंबून दारव्ह्याला आली. पदर मागे सारला आणि मी सांगण्याआधीच डोळे मिचकावू लागली. "घे लेकरा, किती बी फोटो घे."

फोटो घेतला. फोन म्हणाला, मुदत संपली, नव्यानं अर्ज करा. नव्या अर्जाला आता नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला हवा. नवरा ऊसतोडीला गेला असताना वारला होता. कोणत्या गावात, ते तिला सांगता येईना.

"मी तं तुह्या समोरच उभी होती," ती म्हणाली. "तुले दिसली नाही काय?"

मी तिला तहसीलची खिडकी कोणती ते सांगितलं. एवढंच केलं. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

पुढच्या वर्षी यादीत तिचं नावच नव्हतं, त्यामुळे त्या तांड्याचं काम पूर्ण दिसलं. तालुक्याच्या बैठकीत माझं नाव घेऊन टाळ्या वाजवल्या, आणि मी उभा राहून त्या घेतल्या.

त्या वर्षीचं शिबिरही त्याच ओसरीत झालं होतं. मधल्या दारातून ती आत बसलेली दिसली. तिची चूल मोडली होती. आता जेठाच्या घरची भांडी घासते, तिथंच जेवते, असं कुणीतरी सांगितलं. भिंतीकडे तोंड करून, पदराआड घास नेत ती भाकर खात होती. म्हातारा बाहेर खुर्चीत होताच.

मी दारापाशी जाऊन हळूच हाक मारली, "याडी."

तिनं वळून पाहिलं, मला ओळखलं, आणि पदर आणखी खाली ओढला.