यादीतली सतरावी ओळ

"शनिवारी मी बसतलंय म्हणजे बसतलंय. मामलेदाराच्या दारात, फलक घेऊन. टीव्हीवालो येतलो, तेचां सगळां ठरलां."

"बस ना. पण पुढच्या शनिवारी बस."

"आठ महिने तुमचो पुढचो शनिवारच चलता, मावशी."

"बुधवारी बैठक आहे गो. मधे फक्त चार दिवस."

"बैठक म्हणजे काय, तर थंय चाय पितले, बिस्किटां खातले आणि तुमची ती चिंता व्यक्त करतले. माझ्या घोवाक धरलो कित्याक, तां अजून कोण सांगूक नाय, आणि आमी हयसून चिंता पाठयतंव. चिंता मी घरातच करतंय. ती करूक दिल्ली कित्याक व्हयी?"

"तुझी चिंता वेगळी. ती वेगळी."

"काय वेगळां तां तरी सांगा."

"ती टाईप करावी लागते," विनोदिनीमावशी म्हणाली आणि पावाचा तुकडा चहात बुडवला.

मांद्र्याच्या त्या बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या बसायच्या कट्ट्यावर, आवाज चढला होता तो फक्त संजनाचा. मावशीचा आवाज चढलेला वाड्यावर कुणी ऐकलेला नाही. संजना तिची भाचेसून. भाचा सर्वेश मालवाहू जहाजावर स्वयंपाकी. आठ महिन्यांपूर्वी ते जहाज एका देशाच्या बंदरात अडवलं गेलं. भांडण जहाजाचा मालक आणि तिथलं सरकार यांचं, पण मालक मिळेना म्हणून खलाशांना धरलं. बावीस जण किनाऱ्यावरच्या एका बराकीत. आरोप नाही, वकील नाही, कोर्ट नाही. आठ महिन्यांत घरी दोन फोन. त्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण मावशी अजून नको म्हणते.

मावशी परराष्ट्र खात्यात टंकलेखिका होती. पेडण्याच्या शाळेत मॅट्रिक झाली, पणजीत टायपिंग शिकली, परीक्षा दिली आणि एकवीस वर्षांची असताना ट्रंक घेऊन दिल्लीला गेली. पुढची सदतीस वर्षं दिल्ली आणि चार परदेशी वकिलाती. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणते, "बदलीचा कागद दर वेळी वेळेवर यायचा." निवृत्त होऊन मांद्र्याला परतली तेव्हा तिची भाषा इस्त्री केल्यासारखी सरळ झाली होती. आमच्या बोलीची एकही सुरकुती उरली नव्हती. पहिले सहा महिने मासळीवाली सुलोचना तिला 'मॅडम' म्हणायची आणि दर वाढवून सांगायची.

ती काय काम करत होती हे आम्हाला कळलं ते कृष्णनाथच्या माडामुळे.

शेजारी कृष्णनाथचा माड मावशीच्या कौलांवर झुकलेला. नारळ पडून दोनदा कौलं फुटली. दुसरं कुणी असतं तर कुंपणाशी उभं राहून कृष्णनाथच्या सात पिढ्या काढल्या असत्या. मावशी केळ्यांची फणी घेऊन त्याच्या घरी गेली. त्याच्या गुडघ्याची चौकशी केली, मुलीच्या परीक्षेची केली आणि उठताना म्हणाली, "तुमचा माड थोडा आमच्याकडे झुकतोय, असं मला वाटलं." दोन महिने काही घडलं नाही. मग पाकीट आलं. कृष्णनाथ ते घेऊन तिठ्यावरच्या हॉटेलात आला आणि सगळ्यांना वाचून दाखवू लागला.

"विनोदिनी श्री. कृष्णनाथ यांना आपला आदर कळवते आणि माडाच्या स्थितीबद्दल वाटणारी चिंता त्यांच्या निदर्शनास आणते. अरे, ही बाय आपल्याच पत्रात तिसरीच कोण? आणि खाली सही नाय."

"दुसरो कोण तरी लिवता असां वाटता," कुणीतरी म्हणालं.

"आदर कळयता म्हणता. माका आदर कोणी कळवूक नाय आजपर्यंत."

आणखी महिन्याने दुसरं पाकीट आलं. त्यात 'चिंता'च्या जागी 'गंभीर चिंता' होती. कृष्णनाथने हसत हसत पाडेली, म्हणजे माडावर चढणारा, बोलावला आणि माड उतरवून टाकला. गावात सांगितलं, "माड म्हातारो झालोलो, माझा मीच काढलंय." मावशीसमोर कुणी विषय काढला की तीही मान डोलावते. "हो, त्यांचे त्यांनीच काढला."

हेच तिचं आयुष्यभराचं काम होतं. एका देशाला दुसऱ्या देशाच्या तुरुंगातल्या माणसाबद्दल काही म्हणायचं असेल तर ते कुठल्या शब्दांत म्हणायचं हे साहेब ठरवत, आणि मावशी ते चूक न करता कागदावर उतरवत असे. 'लक्ष वेधतो', मग 'चिंता', मग 'गंभीर चिंता', आणि पार वर, क्वचित वापरायचा, 'निषेध'. ती म्हणते, चिंता आणि गंभीर चिंता यांच्या मधे कधीकधी दोन वर्षं जातात. बंद खोलीत बोलणं होतं. बाहेर येऊन दोघेही म्हणतात, बोलणी मैत्रीपूर्ण झाली. आणि कधीतरी सहा महिन्यांनी एखाद्या कैद्याला वकील भेटतो, एखाद्याची आजारपणात सुटका होते. तेव्हा तो देश सांगतो, आमचे आम्हीच सोडला. एका वकिलातीत तर एका साहेबांचं काम एवढंच होतं की दुसऱ्या देशाच्या कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसायचं. बोलायचं काही नाही. न्यायाधीशाने मान वर केली की तिथे कुणीतरी बसलेलं दिसलं पाहिजे.

"म्हणजे कैद्याक बरां वाटूक?" संजनाने एकदा विचारलं होतं.

"न्यायाधीशाला बरं वाटू नये म्हणून," मावशी म्हणाली.

दोन देशांच्या अशा बैठकीत शेवटी यादी दिली जाते. आपल्याला ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे त्या माणसांची नावं आणि प्रत्येकाबद्दल एक ओळ. सगळ्या विषयांना मिळून दोन तास असतात. यादीला मिळतात सात-आठ मिनिटं. पण कागद त्यांच्या फायलीत राहतो आणि ज्याचं नाव कागदावर आहे त्याला गायब करणं जड जातं. येत्या बुधवारच्या यादीत त्या जहाजावरचे बावीसही जण होते. सर्वेशची ओळ सतरावी. शिरगावचा जयवंत अकरावा, चंदगडचा धाकू विसावा. हे मावशीला ठाऊक होतं, कारण दिल्लीतला अधिकारी किरण, ज्याला तिने त्याच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी 'आदर कळवतो' कुठे लिहायचं ते शिकवलं होतं, तो घरच्यांची माहिती तिच्याकडूनच गोळा करत होता.

म्हणून तिला शनिवारचं धरणं नको होतं. टीव्हीवर त्या देशाला कुणी शिव्या दिल्या की बुधवारी तो मऊ कसा होणार? संजनाने रंगवलेले फलक बाल्कांवावर ठेवले होते, आणि वाड्यावरच्या गेस्ट हाऊसला जाणाऱ्या पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून मावशी ते रोज सकाळी भिंतीकडे तोंड करून ठेवायची. दुपारी संजना ते परत वळवायची. आठवडाभर दोघींचं हे चाललं होतं.

त्या दिवशी मात्र भांडण अर्ध्यावर राहिलं, कारण किरणचा फोन आला.

मावशीने फोन मेजावर ठेवून आवाज मोठा केला, संजनालाही ऐकू यावा म्हणून.

"मावशी, बावीसही कुटुंबांकडून एक साधं प्रतिज्ञापत्र हवं आहे. माणूस भारतीय आहे, दुसऱ्या कुठल्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं नाही, त्यासाठी कुठे नोंदही केलेली नाही. समोरचे पहिला प्रश्न हाच टाकतात, हा तुमचा कशावरून. मजकूर पाठवलाय. आज संध्याकाळपर्यंत सही होऊन यायला हवी."

"येईल," मावशी म्हणाली. "आमच्याकडे त्यात काही अडचण नाही."

फोन ठेवून तिने मान वर केली. संजना जनेलाकडे, म्हणजे खिडकीकडे, तोंड करून उभी होती.

"अडचण नाही ना, संजना?"

संजना आत गेली आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात लग्नाचे फोटो होते, लसीकरणाची कार्डं होती आणि तळाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद. वर पोर्तुगीज शिक्का.

मावशीला वाचायची गरज नव्हती. असे कागद पेडण्यात घरोघरी आहेत. बापाचा जन्म पोर्तुगीज राजवटीतला, म्हणून आधी बापाची आणि मग मुलाची जन्मनोंद लिस्बनला करायची, पुढे तिथला पासपोर्ट काढायचा आणि युरोपात कामाला जायचं. सर्वेशनेही तीन वर्षांपूर्वी म्हापशाच्या एका एजंटाकडून नोंद करून घेतली होती. पुढचं काही केलं नव्हतं. पासपोर्ट भारताचाच, जहाजावर गेला तोही त्यावरच. नुसत्या नोंदीने माणसाचं इथलं नागरिकत्व जातं की राहतं, यावर आमच्याकडचे वकीलसुद्धा एकमत नाहीत.

"तेणां तुमका सांगू नको म्हटलेलां," संजना म्हणाली. "मावशी सरकारी माणूस, तिका वायट वाटतलां म्हणून."

"मला वाईट वाटलं असतं. पण माहीत असतं."

"कोणाक कळतलां? कागद माझ्या डब्यात आसा. आपण सही करूया."

"आठ महिने त्याची चौकशी चाललीय तिथे. त्याने सांगितलं नसेल कशावरून?"

संजना कट्ट्यावर बसली.

मावशीने चष्मा काढला. काचा पुसल्या, परत पुसल्या. आणि बोलली ती आमच्या बोलीत. इतक्या वर्षांत संजनाने ती बोली तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली.

"माका एक नाव आठवता. सांगूचां नाय, तसो नियम आसा. तिसऱ्या वकिलातीत होतंय तेव्हा चार वर्षां तां नाव मी यादीत टाईप केलंय. दर वर्षी तीच ओळ. पाचव्या वर्षी थंयच्या माणसान खिशातसून एक कागद काढलो. तेची दुसऱ्या देशात नोंद होती. घरच्यांनी भियान लपयलेली. आमच्या साहेबान बैठकीतच पेन्सिलीन ती ओळ मारली."

"आणि?"

"त्या पानार अकरा नावां होती. बाकीच्या दहांबद्दल त्या वर्षी कोण बोलूक नाय. एक ओळ खोटी निघाली, मगे बाकीच्या खऱ्या कशावरून?"

"तेचां मागीर काय झालां? त्या माणसाचां?"

"माका म्हायत नाय. टायपिस्टाक कोण सांगता, बाय?"

रस्त्यावरून सुलोचना ओरडत गेली, बांगडे, बांगडे. दोघींपैकी कुणी हाक मारली नाही.

"खरां लिवलां तर सतरावी ओळ जातली," संजना म्हणाली.

"जाऊ शकते." मावशी पुन्हा सरळ भाषेत आली होती. "किंवा राहील. आपणच आधी सांगितलं, नोंद आहे, पण पासपोर्ट काढलेला नाही, तर त्यांच्या खिशातल्या कागदाला तेवढं वजन राहत नाही. किरण भांडेल त्यासाठी. पण मी खात्री देत नाही. देता येत नाही."

"आणि खोटां लिवलां तर?"

"कदाचित काहीच होणार नाही. आणि झालं तर बावीसांचं होईल."

संजना डब्याच्या झाकणावर बोट फिरवत राहिली. "कालच जयवंताची आई, शिरगावची चंद्रावती, फोनार रडत होती. जयवंताची वेताची काठी अजून खुंटयेक आसा म्हणता. औंदा लईराईच्या जत्रेक आगीरसून चलणाऱ्या धोंडांत तो नाय, म्हणून तिणां काठयेकच हार घातलो." तिने डबा बाजूला सारला. "तिका मी काय सांगू? माझ्या घोवाचो कागद होतो म्हणून तुझो झील रवलो?"

मावशीने आत जाऊन कागद आणले. किरणचा मजकूर तिने नवा लिहून काढला, हातानेच, तिच्या त्या टाईप केल्यासारख्या अक्षरात. नोंदीचं वाक्य मधे घातलं. सोपं, दोन ओळींचं, कुठेही माफी न मागणारं. मग मजकूर एकदा मोठ्याने वाचून दाखवला आणि पेन मेजावर ठेवलं. हातात दिलं नाही.

संजनाने वाचलं. बोट ठेवून ठेवून वाचलं. मग सही केली, आणि सहीखाली नाव इतकं दाबून लिहिलं की मागच्या कागदावर उमटलं.

मावशीने सहीचा आणि शिक्क्याचा असे दोन्ही कागद पाकिटात घातले. पेडण्याची बस पावणेतीनची. तिथे झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून पाठवायचं, मूळ प्रत कुरियरने. तिने छत्री घेतली, चष्म्याचं घर घेतलं, पदर खोचला.

"मावशी."

"काय गो?"

"सोमवारपर्यंत किरणचो फोन येतलो, ओळ रवली काय गेली?"

"येईल."

"हो शनिवार सोडलंय. पण ओळ गेली तर मी बसतलंय. बुधवार नाय, बैठक नाय, काय आयकूचंय नाय."

मावशीने मान हलवली. तेवढं तिला मान्य होतं.

"आणि तुमी?" संजना उठून दारात आली होती. "तुमी बसतल्यात माझ्या शेजारी? गप्प नाय. माईक हातात घेऊन. तुमच्या त्या शेवटच्या शब्दान. निषेध."

मावशी एका पायाने पायरीवरची चप्पल चाचपत होती. ती सापडली. दुसरी सापडायला वेळ लागला, कारण ती पाहत नव्हती. फलक तिच्या वाटेतच उभे होते, दुपारी संजनाने वळवून ठेवलेले, सर्वेशचा फोटो रस्त्याकडे. ती त्यांच्यापुढे थांबली. रोजच्यासारखा ते भिंतीकडे वळवायला हात पुढे गेला आणि मधेच राहिला.

मग पाकीट छातीशी धरून, फलकांना वळसा घालून, ती पायऱ्या उतरली आणि बसच्या दिशेने चालू लागली.