चांद्याने ओळखलेला डबा

दुष्काळी साल, होळीनंतरचा सोमवार. सोसायटीच्या चारा छावणीत हजर: मी, माझे मालक, आमचा बैल चांद्या आणि शेजारच्या दावणीचे तात्या.

आज, इतक्या वर्षांनी, दारावरून उसाच्या वाढ्यांची, म्हणजे चाऱ्याच्या हिरव्या शेंड्यांची, ट्रॉली गेली आणि त्या ओलसर, गोड वासानं मला थेट त्या छावणीत नेऊन उभं केलं. मालक जनावरांपाशी छावणीतच राहायचे. मी गावातून रोज कुणाच्या तरी हाती ज्वारीची भाकरी पाठवायचे. "लई झाक झालती," असा मालकांचा कौतुकाचा निरोप यायचा. त्या दिवशी डबा घेऊन मी पहिल्यांदाच स्वतः गेले, तर चांद्यानं दावं ताणून डब्याच्या फडक्यातच तोंड घातलं.

तात्या हसले. "सूनबाई, तुझी भाकर रोज त्योच खातो! तुझा मालक फाट्यावर भजी खातो."

"कशापायी खोटं बोललात?" मी मालकांना विचारलं.

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

तेव्हा मी भाकरीसाठी चिडले होते. आता भाकरीचं काही वाटत नाही, ते 'झाक' कानाला टोचतं. आजही पहिल्या घासाला मालक तेच म्हणतात, मला ते खरं वाटत नाही आणि मी पुढची भाकरी वाढत नाही.

त्यांचा डबा भरावा म्हणून मी तो उन्हाळा अर्धपोटी काढला. हे त्यांना सांगायचं काम अजून बाकी आहे.