आधी बघा, मग वाचा

नलिनीबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी घोलवडला वाडीत चिकूच्या पेट्या भरून घेत होतो. हातातला चिकू हातातच राहिला... महिना होऊन गेला, तरी उधव्याच्या आमच्या शाळेत शिक्षकखोलीचं दार वाजलं की बाईच आल्या असं वाटतं.

२०१४ साली त्या इतिहास शिकवायला आल्या आणि नववीत ज्यूंच्या संहाराला त्यांनी चार ओळींऐवजी अख्खा आठवडा दिला. मी विज्ञानाचा मास्तर, तोंडाचा फटकळ. म्हणालो, "बाई, आपल्या पोरांना हिटलर कशाला? परीक्षेत दोन मार्कांना येतो." त्या हसल्या. "या की बसायला, मागच्या बाकावर जागा आहे."

गेलो. त्या काळातला एक फोटो त्यांनी मोठा करून आणला होता. रुळांशेजारी उभी माणसं, हातात बोचकी, कडेवर पोरं. फोटोखालच्या ओळीवर बाईंनी तळहात ठेवला होता. "आधी बघा, मग वाचा," ही त्यांची रीतच. वर्ग एका सुरात ओरडला, "बाई, हे वीटभट्टीवर चाललेत!" दिवाळी सरली की इथली कितीतरी घरं अशीच बोचकी बांधून निघतात. मला हसू आलं, बाईंना नाही. "कशावरून?" एवढंच विचारून त्या थांबल्या... खिडकीजवळची सुनीता उठली. "पण बाई, ही म्हातारी? भट्टीवर म्हातारीला कोण नेतं? ती त घरीच राहते." तिनं पुन्हा फोटोकडे पाहिलं. "यांना कामाला नाय नेत," ती हळूच म्हणाली. मग बाईंनी हात उचलला आणि पोरांनी छळछावणीचं नाव स्वतः वाचलं. त्या दिवसापासून मी बाईंचा भक्त झालो.

बाई गेल्यावर तो आठवडा सराव परीक्षेला द्यायचं मुख्याध्यापकांनी ठरवलं. मी सरळ सांगितलं, "तास मी घेतो."

"तुम्ही? इतिहास?"

"शिकवतील पोरंच. मी नुसता थांबणार."

काल बाईंचा तोच फोटो घेऊन वर्गात गेलो, ओळीवर हात ठेवला. "भट्टीवर चाललेत," पोरं म्हणालीच. "कशावरून?" म्हणून थांबलो... उत्तर जिभेवर असताना गप्प राहणं किती कठीण, ते तेव्हा कळलं. बाई हे दरवर्षी करत होत्या. अखेर मागून एक मुलगी म्हणाली, "सर, माझी आजी त घरीच आहे. हिला कुठं नेतात?"

मी हात उचलला. दरवर्षी बाईंच्या तळव्याखाली राहून ती ओळ पुसट झाली होती, पण वाचता येत होती.