दोघांनी ठरवलेला ड्रॉप

सोमवार, ९ एप्रिल १९७३, सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. वसतिगृहाच्या मेसचा स्वयंपाकी महाराज चहा घेऊन खोलीच्या दारात आला आणि म्हणाला, "तुया पार्टनर तं पेपरले गेला गा! तू काहून लोळून राहिला? नवाबसाहेबाचा पेपर काय खोलीवर येते?"

बी.एस्सी.च्या अंतिम वर्षाचा पहिला पेपर सात वाजता सुरू झाला होता.

तयारी नसलेला विद्यार्थी परीक्षेस बसत नसे. त्यास ड्रॉप घेणे म्हणत. वर्ष जाई, नापासाचा शिक्का टळे. दिवाळीपासून मला अंथरुणातून उठवत नव्हते. मॅट्रिकपर्यंत मी मराठीत शिकलो होतो. आता इंग्रजी पुस्तकातला एकच परिच्छेद दहादा वाचूनही डोक्यात उतरत नसे. काटोलच्या संत्राबाजारात वडील मला आत्ताच प्रोफेसर म्हणून मोकळे झाले होते. डॉक्टरांनी भूक लागण्याचे औषध दिले. इतर सर्वांनी यास आळस म्हटले. फक्त माझ्या खोलीतल्या पार्टनरने तसे म्हटले नाही. फेब्रुवारीत तोच म्हणाला होता, "एकट्यानं ड्रॉप घेतला तं आळशी म्हणतील. दोघं घेऊ. मंग पाहू कोण काय म्हणते."

दोन महिने मी त्या शब्दावर काढले.

साडेदहाला तो परतला. बोटांना शाई होती. मी विचारले, "ठरलं होतं ना आपलं?"

"ठरलं होतं गा. पण घरून पत्र आलं. अन् लायब्ररीत वाचून तं मी राहिलोच होतो."

"कधीपासून?"

"होळीच्या आधीपासून."

"मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तं तू उठला असता का?"

मी उठलो असतो की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. परंतु ते पाहण्याचा हक्क माझा होता. तो त्याने परस्पर वापरून टाकला. त्या सकाळपासून माझा आजार पुन्हा आळस झाला. पुढे त्याच्या लग्नाची पत्रिका आली. मी गेलो नाही.

दोघांनीही ड्रॉप घेतला, असे वडिलांना कळवायचे ठरले होते. आता ते खोटे ठरले असते. त्याच दिवशी दुपारी मी आंतरदेशीय पत्र आणले आणि लिहिले : 'परीक्षेस बसलो नाही. मला बरे नाही. काय होते ते सांगता येत नाही. न्यायला यावे.' कडा चिकटवल्या. पाचची डाक निघण्यापूर्वी पत्र पेटीत टाकले.