तिनं दिलेली हजेरी

पहिलीत मी वर्गात तोंड उघडत नव्हते. गुरुजी हजेरी घेत, माझं नाव आलं की जीभ टाळूला चिकटायची. एक दिवस ते छडी घेऊन उठले, तशी शेजारी बसलेली पोरगी ओरडली, "आहे नं गुर्जी, हे काय बसून राह्यली!"

तोवर आमची ओळखही नव्हती. पुढं रोज माझी हजेरी तीच देऊ लागली. एकदा मी तापानं घरी होते, तरी देऊन टाकली. छडी तिनं खाल्ली आणि संध्याकाळी घरी येऊन मलाच झापलं, "येनार नाही म्हणून सांगता येत नाही का वं?"

चौथीनंतर दोघींची शाळा सुटली. मैत्री मात्र सुटली नाही, भांडून भांडूनही. लग्नानंतर तिनं जरीपटक्याच्या बाजारात भाजीचं दुकान मांडलं. तिची हाक रस्त्याच्या टोकापर्यंत जायची. माल काही फार चांगला नसायचा. गिऱ्हाईक आवाजाला यायचं.

गेल्या साली तिच्या घशात गाठ निघाली. धंतोलीतला डॉक्टर म्हणाला, ऑपरेशन केलं तर जगेल, पण आवाज जाईल. ती तिथून उठून सरळ घरी आली. पोरानं हात जोडले, सून रडली. तिचं एकच, "मुकी होऊन जगू कायले?"

मी गेले तेव्हा ती मेथी निवडत होती.

"मर मग," मी म्हटलं. "पण माह्यासंग भांडाले कोण आहे, ते सांगून जा."

"एकटीच भांड."

"पहिलीत तू माह्या वाटचं बोलली. आता तुह्या वाटचं मी बोलतो."

"तू? तुले वांग्याचा भाव करता येत नाही, अन् माह्या वाटचं बोलते म्हणे!"

तिनं मेथीची जुडी पुढं ओढली. खाली मान घालून काड्या टोपलीत टाकत होती आणि पानं कचऱ्यात. मी टोकलं नाही. जुडी संपली तेव्हा म्हणाली, "सुनेच्या पुढं माह्या नावानं काही भलतंच सांगशीन, तर पाहून घेईन."

मी पोराला हाक मारली आणि डॉक्टरला फोन करायला सांगितलं.

आता तिच्या गळ्याला भोक आहे, त्यावर पांढरं कापड. तपासणीला मी सोबत जाते. नर्स तिचं नाव पुकारते. मी म्हणते, "आहे नं बाई, हे काय बसून राह्यली."

आत डॉक्टर विचारतो, गिळताना त्रास होतो का? मी सांगते, "बिलकुल नाही." ती माझ्या मांडीला कचकन चिमटा काढते.

"होते म्हणते," मी सांगते.

पहिलीत मी निदान चिमटे तरी काढत नव्हते.