उन्हात घातलेला बोलपट

माझ्या सासूबाई, मालती, नातू झाल्यावर सिंगापूरला, टॅम्पिनीसमध्ये आमच्याकडे राहायला आल्या आणि महिनाभरात त्यांचे कायदे अख्ख्या मजल्याला पाठ झाले. एक, कुणाचाही डबा आमच्या घरातून रिकामा परत जाणार नाही. दोन, ज्याला वास येतो त्याला ऊन दाखवायचं. या दोन कायद्यांनी २०१४ च्या दिवाळीत शेजारणीची आई जवळजवळ जाळलीच होती.

शेजारीण म्हणजे कॉरी आंटी. डच आईबापांची मुलगी, जन्म बाटाव्हियाचा, म्हणजे आताच्या जकार्ताचा. डच सिनेमा नुकताच बोलायला लागला होता, तेव्हा त्यांच्या आईने हॉलंडमध्ये एका बोलपटात मोलकरणीचं काम केलं होतं. एकच वाक्य. पुढे युद्धात जपान्यांच्या छावणीत आई वारली, तेव्हा आंटी आठ वर्षांच्या होत्या.

"तिचे फोटो आहेत माझ्याकडे," त्या म्हणायच्या. "आवाज काही केल्या आठवत नाही."

ते वाक्य असलेलं एकुलतं एक रीळ वडिलांनी जपलं होतं. रिळाच्या अगदी सुरुवातीलाच ती दार उघडून बोलते, असं ते सांगायचे. माझा नवरा प्रबोध युनिव्हर्सिटीत आवाजावर संशोधन करतो. फिल्मच्या कडेला आवाजाची रेघ छापलेली असते, ती मशीनने वाचता येते, असं त्याने सांगितल्यावर आंटी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात रीळ घेऊन आल्या. सोमवारी तो ते घेऊन जाणार होता.

शनिवारी दुपारी त्याचा फोन आला.

"सुनेत्रा, रीळ कुठंय? फिल्म दुरुस्त करणाऱ्याला मी फोटो दाखवले. म्हणाला, ही नायट्रेटची असणार. इतकी जुनी झाली की नुसत्या उन्हानेही पेटू शकते, आणि पेटली की पाण्याने विझत नाही. सावलीत ठेव, गॅसपासून लांब."

डबा टेबलावरच होता. मी झाकण उघडलं. आत काठोकाठ चिवडा.

"आई, यातलं रीळ?" मी सासूबाईंना विचारलं.

"ती काळी फीत? केवढा वास मारत होती! परातीत घालून उन्हात ठेवलीय. म्हटलं, डबा द्यायचाच आहे तर चिवडा भरून देऊ."

चकल्यांचं तेल तापत होतं, आणि त्याच खिडकीबाहेर, कपड्यांच्या बांबूंखाली, कठड्यावर परात लखलखत होती. मी आधी गॅस बंद केला. परातीला हात लावला तर चटका बसला. काय होऊ शकतं ते मी ओरडतच सांगितलं. आईंनी मला मागे ढकललं.

"तू हो बाजूला. तुला पोर सांभाळायचंय."

पदराने परात धरून त्या एकेक पाऊल टाकत न्हाणीघरात गेल्या. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि त्याहून जास्त त्यांची काळजी वाटत होती.

रीळ पेटलं नाही. पण बाहेरचे वेढे पाकासारखे वितळून एकमेकांना चिकटले होते. आणि बाहेरचे वेढे म्हणजे सुरुवात. म्हणजे तेच वाक्य.

"मी सांगते त्यांना. मी केलंय," म्हणत आई समोर आंटींच्या दारात गेल्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. आंटींनी ऐकून घेतलं आणि दार लावलं. त्या दिवाळीत आईंनी फराळाला हात लावला नाही.

आठवडाभराने प्रबोधने आम्हा तिघींना लॅबमध्ये बोलावलं. दुरुस्ती करणाऱ्याने रीळ सोडवलं तेव्हा कळलं, की शेवटच्या खेळानंतर कुण्या आळशी ऑपरेटरने ते परत गुंडाळलंच नव्हतं. चिकटला होता तो शेवट. सुरुवात आत, गाभ्याशी, धडधाकट होती.

प्रबोधने बटण दाबलं. खरखर, दाराचा आवाज, आणि एका मुलीचं छोटंसं वाक्य.

"काय म्हणाली?" आईंनी घाबरत विचारलं.

"आत या, भिजलात ना." आंटींनी सांगितलं आणि खुर्ची पुढे ओढली. "मालती, किती लहान आहे गं ती. पहिल्यांदाच माइकसमोर उभी असणार. आवाज कापतोय बघ."

मग अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या कॉरी आंटींनी स्पीकरवर हात ठेवला आणि आपल्या आईला म्हणाल्या, "घाबरू नकोस. छान बोललीस."