शाळेचा फोटो

पनवेलच्या एका फोटो स्टुडिओत माझ्यापुढे एक बाई होती. मुलीचा शाळेसाठी फोटो हवा होता. मुलीच्या दोन्ही पापण्या जन्मापासून डोळ्यांवर उतरलेल्या; समोरचं दिसावं म्हणून ती हनुवटी उंच धरून बसली होती.

फोटोग्राफर म्हणाला, “बाळा, मान खाली कर. झोप आलीय का?”

“झोप नाय,” बाई म्हणाली. “पापनी उचलनारा स्नायू पोटातच नीट वाढला नाय. मान खाली केली तर तिला दिसत नाय.”

“ताई, शाळावाले असा फोटो परत पाठवतील.”

“पाठवू दे. मी जाईन भांडायला. माझी पोर कुनापुढं मान खाली घालनार नाय.”

 फोटोग्राफर स्टूल ओढून त्यावर चढला आणि कॅमेरा तिच्या नजरेसमोर आणला. फोटो अगदी सरळ आला.